बारावी फक्त कागदावर ठेवायची असेल, तर तसं जाहीर करा

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. सचिव, शालेय शिक्षण विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका अनुदानित ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दहावीचा निकाल लागला की पालक चौकशीला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेची तयारी करायची आहे. तुमच्याकडे प्रवेश घेतला तर रोज यावं लागेल का?" पूर्वी हा प्रश्न दबक्या आवाजात यायचा. आता फी किती हे विचारावं तितक्या सहज येतो. मी "हो, रोज यावं लागेल" म्हणते. बरेचजण आभार मानून उठतात. मला त्यांचा राग येत नाही. याच शहरात "नाही, यायची गरज नाही" असं सांगणारी ज्युनियर कॉलेजं आहेत, त्यांना तुमचीच मान्यता आहे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तुमच्याच मंडळाचं गुणपत्रक मिळतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण शिक्षकांच्या बैठकांत आणि निवेदनांत हा विषय येऊन येऊन जुना झाला, आणि पालकांनीही तो समजून घ्यावा असं मला वाटतं.

आधी नियम काय आहे ते सांगते. एमबीबीएसला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. इंग्रजीत उत्तीर्ण व्हावं लागतं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. त्यापुढे सगळं 'नीट'च्या ७२० गुणांवर ठरतं. गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना काहीही वजन नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात मेडिकलचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. नंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी आली आणि २०१७ पासून 'नीट'. सामाईक परीक्षा नको, असं माझं म्हणणं नाही. एका-एका गुणासाठी बारावीच्या पेपरांवरून काय काय होत असे, ते माझ्या पिढीने पाहिलेलं आहे. पण सामाईक परीक्षा आणताना बारावीची अट रद्द केलेली नाही. ती आजही आहे, आणि ती पाळली जाते आहे असं आपण सगळे धरून चाललो आहोत.

आता ती अट कशी पूर्ण होते ते पाहा. तिन्ही विषयांत प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिक. म्हणजे ३०० पैकी ९० गुण प्रात्यक्षिकांचे. खुल्या प्रवर्गाला हवेत १५०. प्रात्यक्षिकात कॉलेजने ८५ दिले, तर लेखीत २१० पैकी ६५ पुरतात. ४० टक्क्यांची अट असलेल्या विद्यार्थ्याला तर ३५ पुरतात. तीन पेपर मिळून पस्तीस. जो विद्यार्थी दोन वर्षं प्रयोगशाळेत फिरकलाच नाही, त्याला प्रयोगशाळेच्याच गुणांनी डॉक्टरकीच्या पात्रतेत बसवता येतं. हे गणित 'इंटिग्रेटेड' आणि 'टाय-अप', म्हणजे प्रवेश कॉलेजात आणि शिकवणी क्लासमध्ये असा प्रकार, चालवणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. फक्त कुठल्या सरकारी कागदावर ते कोणी मांडत नाही.

पहिली तक्रार म्हणूनच प्रात्यक्षिक परीक्षेची. लेखी परीक्षेला तुम्ही कॉपीमुक्त अभियान राबवता, भरारी पथकं पाठवता, केंद्रांवर कॅमेरे बसवायला सांगता. ते योग्यच आहे. पण त्याच्या दोन-तीन आठवडे आधी होणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेकडे कोणाचं लक्ष असतं? मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक म्हणून अनेक कॉलेजांत गेले आहे. त्यातल्या एका ठिकाणचं सांगते, नाव सांगत नाही. तिथे मांडलेल्या जर्नलांतली अक्षरं दोन-तीनच हातांची होती. मायक्रोस्कोपवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक अजून होतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करायला दिली, तेव्हा एका हुशार, चुणचुणीत मुलीने मला हळूच विचारलं, "मॅडम, यात कुठून बघायचं?" ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्याची बाटली उघडी होती, पण ती कशासाठी असते हे त्या बॅचमध्ये दोघा-तिघांनाच ठाऊक होतं. त्याच मुलांना पेशीविभाजनावरचा बहुपर्यायी प्रश्न दिला असता, तर तीस सेकंदांत त्यांनी अचूक उत्तर दिलं असतं. मी त्यांना जे येत होतं तेवढेच गुण दिले. संध्याकाळी फोन आला, "मॅडम, मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे, एवढे कमी कशाला?" फोन करणाऱ्याच्या आवाजात दमदाटी नव्हती. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

त्या मुलीचा यात काय दोष? ती पहाटे उठत होती, रात्री दहापर्यंत टेस्ट सिरीज सोडवत होती. कुठे प्रवेश घ्यायचा हे तिने ठरवलंच नव्हतं. तिला कोणी मायक्रोस्कोप दाखवलाच नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. ती सांगत होती, हिस्टॉलॉजीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला तिच्या टेबलावर स्लाइड फोकस करता येणारी ती एकटी होती. बाकीच्यांनी मायक्रोस्कोप 'पहिल्यांदाच हातात घेतलाय' असं सांगितलं. ते पुढे शिकतील, मला शंका नाही. मेडिकल कॉलेज त्यांना शिकवेल. माझी जास्त काळजी वेगळ्या मुलांची आहे, आणि त्या मुलांकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे.

२०२५ मध्ये 'नीट'ला देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी धरूनही फार मोठा भाग उरतो. या मुलांपैकी कोणी एक-दोन वर्षं ड्रॉप घेतं, कोणी बीएस्सीला येतं, कोणी मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, नर्सिंग, कृषी पदवीकडे वळतं. या मुलांच्या हातात शेवटी काय राहतं? अकरावी-बारावीत जे शिकले तेवढंच. आणि ते शिकवलंच गेलेलं नसेल, तर त्यांच्या हाती राहतात पर्याय गाळण्याच्या युक्त्या, ज्यांचा त्या परीक्षेबाहेर काही उपयोग नाही. सीनियर कॉलेजात शिकवणारे माझे सहकारी सांगतात, एफवायबीएस्सीला आता टायट्रेशन म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. ब्युरेट कसं भरायचं, शून्य कुठे धरायचं, इथपासून. डॉक्टर न झालेल्या लाखो मुलांची दोन वर्षं आपण त्यांच्याकडून काढून घेतो आहोत, आणि त्याचा हिशोब कोणीही मागत नाही, कारण ही मुलं 'लागली नाहीत' म्हणून स्वतःलाच दोष देत गप्प बसतात. मला याचं फार वाईट वाटतं. वर्गात समोर बसलेल्या साठ मुलांत डॉक्टर होणारी दोन-चार असतात. शिकवायचं साठांना असतं.

दुसरी तक्रार तुमच्याच आदेशाची आहे. १५ जून २०१८ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद इथल्या विज्ञान शाखेच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी घ्यायला सांगितलं. क्लासेसशी साटंलोटं करून विद्यार्थ्यांना कॉलेजापासून दूर ठेवणाऱ्यांना आळा घालायचा, हाच त्यामागचा हेतू होता. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी आनंद झाला होता. पुढे काय झालं? आमच्याकडे यंत्र लागलं, काही महिने चाललं, मग बंद पडलं. ज्यांच्यासाठी आदेश होता, त्यांचं काही बिघडलं नाही. ७५ टक्के हजेरीची मंडळाची अट तर त्याआधीपासूनच आहे. वर्षभर न आलेल्या मुलांची हजेरी कोण भरतं, कुठल्या सहीने ती मंडळाकडे येते, हे शोधायला समिती नेमावी लागत नाही. सकाळी अकरा वाजता वर्गाच्या दारात उभं राहिलं की कळतं.

करायचं ठरवलं तर करता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीएसईने अचानक तपासणी करून दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढून घेतली, कारण तिथे नववी ते बारावीचे विद्यार्थी फक्त पटावर होते. एका केंद्रीय मंडळाला हे दुसऱ्या राज्यांत जमतं. आपलं मंडळ पुण्यात, शिक्षण आयुक्तालय पुण्यात, आणि ही कॉलेजंही पुण्यात.

तिसरी गोष्ट पैशाची आहे, आणि ती सांगताना मला सर्वांत जास्त त्रास होतो. अनुदानित ज्युनियर कॉलेजची फी सामान्य घराला परवडते. इंटिग्रेटेडची फी लाखात जाते. ज्यांना ती झेपते ते निघून जातात. पट कमी होतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं मंजूर होतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, रिकामं पद भरलं जात नाही, मग भौतिकशास्त्र तासिका तत्त्वावरचे सर शिकवतात आणि तेही वर्षाच्या मध्यात दुसरीकडे जातात. मग उरलेले पालक म्हणतात, कॉलेजात शिकवत नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते तसं का झालं हे आता कोणी विचारत नाही. भोर, वेल्हे, जुन्नरकडून आलेली, नातेवाइकांकडे राहून शिकणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांच्याकडे कॉलेजशिवाय दुसरं काहीच नाही. माझं कॉलेज कमकुवत झालं तर त्यांच्यापुढचा रस्ताच बंद होतो. मग त्यांचे आई-वडील कर्ज काढतात. शेताचा तुकडा गहाण टाकून मुलीला इंटिग्रेटेडला घातलेले एक काका मला माहीत आहेत. तिचा नंबर लागला नाही. जमीन अजून सुटलेली नाही.

कोणी म्हणेल, नीट आणि राज्य मंडळाचा अभ्यासक्रम वेगळा, म्हणून मुलं कॉलेजला येत नाहीत. हे कारण आता फारसं उरलेलं नाही. २०१९ मध्ये अकरावीची आणि २०२० मध्ये बारावीची पुस्तकं बदलली, ती राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या जवळ आणण्यासाठीच. 'नीट'ला एनसीईआरटीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकाच्या ओळीन् ओळीवर प्रश्न येतात हे खरं, पण ते पुस्तक माझ्या टेबलावरही असतं आणि मी दोन्ही पुस्तकं समोर ठेवूनच शिकवते. शिवाय ज्या 'लातूर पॅटर्न'चं नाव राज्यभर घेतलं जातं, तो सुरू झाला तेव्हा कॉलेजातल्याच प्राध्यापकांनी जादा तास घेऊन, सराव परीक्षा घेऊन उभा केला होता. कॉलेज आणि स्पर्धा परीक्षा यांचं वैर असलंच पाहिजे, असं कुठे लिहिलेलं आहे?

आणखी एक मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. ५ मे २०२४च्या 'नीट'नंतर काय घडलं ते तुम्हाला आठवत असेल. ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण, १,५६३ विद्यार्थ्यांना दिलेले आणि नंतर मागे घेतलेले वाढीव गुण, पेपरफुटीचा तपास, आणि शेवटी २३ जुलैला संपूर्ण परीक्षा रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाचा नकार. त्या अडीच महिन्यांत माझ्या विद्यार्थ्यांची अवस्था मी रोज बघत होते. तेव्हा मनात सारखं येत होतं की, एका परीक्षेवरचा विश्वास डळमळला तर मुलाने दोन वर्षं काय केलं हे दाखवणारा दुसरा विश्वासार्ह आधार आपल्याकडे आहे का? असायला हवा होता. बारावी तीच होती. पण तिच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांवर आज खुद्द गुण देणाऱ्यांचाही विश्वास नाही. घराच्या दोन खांबांपैकी एक आतून पोखरलेला असताना सगळा भार दुसऱ्यावर टाकून आपण राहतो आहोत.

वैद्यकीय पात्रतेचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो, तुम्ही नाही, हे मला माहीत आहे. पूर्वी, १९९७च्या नियमांत, प्रात्यक्षिकांसह दोन वर्षांच्या नियमित, सलग अभ्यासाची अट होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने ती सैल केली आणि बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पूर्ण केलेल्यांनाही दार उघडलं. त्या सवलतीला माझा विरोध नाही. घरच्या अडचणीमुळे उशिरा वळलेल्या, मुक्त विद्यालयातून शिकलेल्या मुलांना संधी मिळायलाच हवी. ती मुलं जे आहे ते उघड सांगून पुढे येतात. 'नियमित विद्यार्थी' म्हणून हजेरी लावायची आणि नियमित काहीच करायचं नाही, ही गोष्ट अगदी वेगळी आहे. ती तुमच्या हद्दीत घडते आणि तुम्हालाच थांबवता येते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

२०१८चा हजेरीचा आदेश एक तर अमलात आणा, नाहीतर मागे घ्या. अमलात आणणार असाल, तर प्रत्येक ज्युनियर कॉलेजची विज्ञान शाखेची प्रवेशसंख्या, मंजूर आणि प्रत्यक्ष भरलेली शिक्षकपदं, प्रयोगशाळेच्या तपासणीची तारीख आणि निष्कर्ष अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या संकेतस्थळावर, कॉलेजच्या नावासमोर द्या. पालकाला फॉर्म भरतानाच दिसू द्या. पूर्वसूचना न देता तपासण्या करा आणि त्यांचे अहवाल जाहीर करा.

बारावीची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा स्वतःच्या कॉलेजात घेऊ नका. लेखी परीक्षेसारखं केंद्र बदला. जवळच्याच दुसऱ्या कॉलेजची प्रयोगशाळा चालेल. गुण त्याच दिवशी, परीक्षकाच्या हातून, थेट मंडळाकडे ऑनलाइन जाऊ द्यात. ज्या कॉलेजात झाडून सगळ्यांना ३० पैकी २९-३० मिळतात आणि लेखीत तीच मुलं काठावर असतात, तिथली चौकशी आपोआप सुरू व्हावी. हा ताळा लावायला मंडळाला संगणकावर एक दिवसही लागणार नाही. आणि कमी गुण दिले म्हणून परीक्षकाला फोन जाणार नाहीत, याची हमी मंडळाने घ्यावी.

राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने आयोगाकडे लेखी मागणी करावी की, ५० आणि ४० टक्क्यांची पात्रता लेखी गुणांवर स्वतंत्रपणे मोजली जावी. म्हणजे २१० पैकी १०५ आणि ८४. 'नीट'मध्ये प्रवेशाच्या आसपास पोहोचणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे जड नाही, आणि राखीव प्रवर्गांची सवलत यात जशीच्या तशी राहते.

ज्यांना खरोखर कॉलेजात यायचं नाही, त्यांना खोटं बोलायला लावू नका. खाजगी विद्यार्थ्यांसाठी १७ नंबर फॉर्मची सोय मंडळाकडे आहेच. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ती वापरणं सोपं होईल असं करा, आणि सुट्यांत ठरावीक कॉलेजांच्या प्रयोगशाळांत त्याची प्रात्यक्षिकं करून घ्या. आमच्या प्रयोगशाळा मे महिन्यात रिकाम्याच असतात. मी स्वतः शिकवायला येईन.

आणि अनुदानित कॉलेजांतली विज्ञान शिक्षकांची रिक्त पदं भरा. नियमित वेळापत्रकात 'नीट'चे सराव तास घेण्याची परवानगी आणि त्यासाठी थोडा निधी द्या. तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखल्या. महाराष्ट्राने तसंच्या तसं करावं की नाही, यावर मतं वेगळी असतील. पण आपल्या बीजे मेडिकलसारख्या सरकारी महाविद्यालयांत अनुदानित कॉलेजातून, क्लासशिवाय आलेले विद्यार्थी किती, ही आकडेवारी तरी विभागाने दरवर्षी गोळा करून जाहीर करावी. ती समोर आल्याशिवाय या विषयावरची कुठलीही चर्चा अंदाजावरच चालणार.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना ना कायदा बदलावा लागतो, ना दिल्लीची परवानगी. पुढच्या अकरावी प्रवेशाचं वेळापत्रक जाहीर होण्याआधी त्यांवर तुमचा निर्णय कळवावा, ही विनंती. निर्णय 'नाही' असेल, तर तोही कारणांसह जाहीर करा. म्हणजे "रोज यावं लागेल का?" असं विचारणाऱ्या पालकांना काय सांगायचं, हे आम्हा शिक्षकांना कळेल.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका, पुणे